शेवंताबाईचे सिंह

एक होती कौसाबाई, म्हणजे मीच. एक होती माही शेजारीण शेवंताबाई. अन एक होती माही नात पौर्णिमा, जी जेवायपुरती माह्या घरी अन बाकी दिवसभर शेवंताच्या अंगणात.

कारण शेवंता सारनाथले जाऊन आली होती ना! भगवान बुद्धानं पहिला उपदेश दिला ती जागा. वस्तीतल्या पोरांना ती अशोकाच्या सिंहांचा फोटो दाखवे, "पाठीला पाठ लावून चार सिंह" म्हणून सांगे. मी बाजाराच्या गावाच्या, वडशाच्या, पुढं कधी गेली नाई. तांदूळ निवडता निवडता जीव जळे.

एकदा राहवलं नाई. म्हटलं, "चार कुठले? नाण्यावर तर तीनच हायेत."

"चौथा मागं हाये, कौसाबाई. जाऊन पाहाल तवा समजल!"

पोरं हसली. सगळ्यात जोरानं पौर्णिमा.

दुसऱ्या दिवशी मी चार पोरं माह्या अंगणात पाठीला पाठ लावून उभी केली. बाकीच्यांना म्हटलं, "फिरा भोवती, चौथा शोधा." आठवडाभर शेवंताचं अंगण ओस! पण "मी पाहून आली" हे ऐकवणं तिनं काही सोडलं नाई.

पौर्णिमा मोठी झाली, अन यंदा तिले टपाल खात्यात नोकरी लागली. कागद आला, त्याच्यावर तेच सिंह. मी पहिले शेवंताकडंच गेली. तिनं कागद उलटसुलट पाहिला अन म्हणे, "खरे सिंह तं मीच पाहिले, सारनाथले."

"हाव बाई," म्हटलं, "तू सिंहांकडं गेली. आमच्या घरी ते सोताच चालून आले."