नाळेवरचा गुणाजी

ऐका. पण आधी तो कंदील बारीक करा. लख्ख उजेडात ही गोष्ट सांगितली तर तुम्ही हसाल, आणि हसण्यासारखी ती नाही. मला तर अजून सांगताना राग येतो. भुताचा नाही हो! भूत आपल्या जातीवर जातं, त्यात त्याचा काय दोष? राग येतो तो माणसांचा. का, ते कळेलच.

वेंगुर्ल्याच्या बंदरातून एक गलबत निघालं. अंधार पडल्यावर निघालं, कारण भरती रात्रीची होती, आणि रात्रीच जमिनीवरून मतलई वारा सुटतो. त्याच्या जोरावर बाहेर पडायचं. जायचं कुठं? पार मस्कतला! पोटात नारळ आणि काथ्या. तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, हिरोजी कुबल. सुकाणूवर लवू खवणेकर, आणि दोन खलाशी. लवू म्हणजे हाडाचा दर्यावर्दी, पण तापट! आमटीत मीठ कमी पडलं तरी न्याय मागणार असा.

आता रीत समजून घ्या. रात्री गलबतावर दोघं जागे पाहिजेत. एक पाठीमागं सुकाणूवर. दुसरा नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला. मधे एवढं मोठं शीड, एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून सुकाणूवाल्यानं अधूनमधून हाक द्यायची, "नाळेर कोण?" आणि पुढच्यानं ओरडायचं, "जागो आसंय!" ही हाक चुकली की समजावं, कुणीतरी पेंगला.

नाळेवर नेहमी असायचा गुणाजी. त्या दिवशी तांडेलानं काय केलं? त्याच्या जागेत काथ्याच्या चार मोळ्या जास्त भरल्या, आणि गुणाजीला वळकटीसकट धक्क्यावर ठेवला!

"तांडेलानू, नाळेर कोण रवतलो?" लवूनं तिथंच विचारलं.

"दर्यो मोकळो आसा रे. नाळेर माणूस कित्याक होयो? तू आसंस मा?"

अहो, मीही व्यापारी माणूस. माल जास्त भरायचा मोह मला कळत नाही होय? पण माणूस उतरवून माल? काथ्या रात्री जागतो काय?

असो. ऐका पुढं.

किनारा दिसेनासा झाला. मतलई जिथं मरते आणि पाणी काळंभोर होतं, त्या पट्ट्याला जुने लोक निजवणीचं पाणी म्हणतात. तिथं वारा पडला. समुद्र कसा? तेलासारखा. धुकं उतरलं. तांडेल आणि दोघे खलाशी खाली घोरतायत, आणि लवू एकटा सुकाणूचा दांडा धरून उभा. मनात नुसता धुमसतोय. तांडेलाला शिव्या, गलबताच्या मालकाला शिव्या. आणि त्या तंद्रीत, सवयीनं, त्याच्या तोंडून हाक गेली.

"नाळेर कोण?"

"जागो आसंय!"

गुणाजीचा आवाज!

तुम्ही असतात तर गारठला असतात. पण लवू? लवू हसला! त्याला वाटलं, गुणाजी मोळ्यांमागं लपून आला. बरी जिरवली तांडेलाची!

"कधी रे चढलंस?"

"गप. तांडेल जागो जायत. शीड सैल कर, उत्तरेसून वारो येता."

लवूनं दोर सोडला. आणि खरंच की! उत्तरेचा वारा आला, बेताचा, छान. दुसऱ्या रात्री तसंच. "पाऊस येता, मोळ्यो झाक." लवूनं मोळ्या झाकल्या आणि सर आली. आता सांगा, असा सोबती कोण सोडील? त्यानं आपल्यातली अर्धी भाकरी नाळेवर नेऊन ठेवली. तिथं कोणी नव्हतं. बसला असेल आत, म्हणून परतला. सकाळी भाकरी तशीच, भिजून लगदा झालेली. लाट आली असेल, म्हणाला.

रागावलेल्या माणसाला काहीही पटतं, बघा!

आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आलीच नाही. पहिल्या रात्री आवाज नाळेवरून आला. दुसऱ्या रात्री डोलकाठीजवळून. तिसऱ्या रात्री? शिडाच्या अगदी अल्याडून!

"तुका येकट्याक राबवतत, लवू."

"तर काय! माणूस म्हणान कोण बघता?"

"ते घोरतत. तू मरतंस."

"खरा बोललंस!"

"दमलंस. दांडो माका दी. जरा नीज."

आणि गुणाजी समोर येऊन उभा राहिला. तेच खांदे, तीच कानाला बांधलेली फडकी. लवूच्या डोळ्यांत झोप उतरली होती. तो दांडा देणारच होता. पण पाळी बदलायची तर आणखी एक रीत आहे. येणाऱ्यानं गोड्या पाण्यानं तोंड धुवायचं, मगच दांड्याला हात लावायचा. समुद्रात गोडं पाणी जिवापाड जपतात, पण त्या ओंजळभर पाण्याला तांडेलसुद्धा नाही म्हणत नाही. लवूनं तांब्या पुढं केला.

"धू तोंड."

"नको."

"नको म्हणजे?"

"माका झोप नाय. दी दांडो."

"झोप नाय म्हणान रीत नाय?" लवू भडकला! "माझो बापूस धुय होतो. तांडेल धुता. आणि तू खयचो मोठो शेट लागान गेलंस?"

"वारो पडलो, लवू. दांडो सोड."

वारा पडला होता खरा. पण पश्चिमेचे तारे एकेक करून पुसले जात होते. वादळ चालून येत होतं, आणि शीड अजून वर! अशा वेळी दांडा उलटा फिरला, तर शीड फडफडून डोलकाठीवर आपटतं आणि गलबत पालथं होतं. चार जीव तळाला!

लवूचं तिकडं लक्षच नाही. तो भांडतोय!

"धुतंस काय नाय?"

"नाय!"

लवूनं उचलला तांब्या आणि फेकलं पाणी त्याच्या तोंडावर.

तोंड वाहून गेलं!

ओल्या मातीसारखं. नाक गेलं, ओठ गेले, सगळं हनुवटीवरून खाली ओघळलं. आत काय? काही नाही. नुसता काळोख, आणि समुद्रतळाच्या चिखलाचा वास. तो गिऱ्हा होता! पाण्यातलं भूत! आणि त्याचा थंडगार हात दांड्यावर पडला. काय ताकद! दांडा कडाकडा फिरायला लागला.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. लवूनं दांड्यावर छाती टाकली आणि ओरडला काय? "धावा"? छे! ओरडला, "रीत मोडतंस? माझ्या पाळीत?"

त्या आरडाओरड्यानं तांडेल उठला. वर येतो तो पश्चिमेची काळी भिंत अंगावर! "दोर तोडा! शीड उतरवा!" खलाशांनी कोयता मारला, शीड धपकन खाली आलं, आणि त्याच क्षणी वादळ आदळलं. डोलकाठी कण्हली. पण गलबत तरलं. तो थंडगार हात सुटला होता, लवूच्या हातांखालचा दांडा हलका झाला होता.

सकाळी लवूनं सगळं सांगितलं. तांडेल काय म्हणावा?

"बरा झाला! हिस्सो नको, जेवाण नको. फुकटचो माणूस गावलो नाळेर!"

बघा! ह्याच्यापेक्षा तो गिऱ्हा बरा नव्हे?

लवू एवढंच म्हणाला, "तर आज पाळी तुमची," आणि खाली जाऊन आडवा झाला.

रात्र झाली. तांडेल दांड्याशी. पुन्हा धुकं, पुन्हा तेलासारखं पाणी. लवू डोळे मिटून कान देऊन पडलेला. हाक येईल, आता येईल. तांडेलानं हाक मारलीच नाही. धीरच होईना! तोंड घट्ट मिटून उभा. पण दमट हवेनं घसा खवखवला, आणि त्याला खोकला आला. बारीकसाच.

नाळेवरून कुणीतरी खोकलं.

तांडेलानं मग एकेकाला हलवून उठवलं. लाथेनं नाही, हातानं! उजाडेपर्यंत चौघं दांड्याला चिकटून बसले. उजाडल्यावर तांडेलानं स्वतःच्या हातानं त्या चार मोळ्या समुद्रात लोटल्या आणि गलबत किनाऱ्याकडे वळवलं. कुठलंही बंदर, कुणीही माणूस, पण नाळेवर जिवंत पाहिजे!

तेव्हा निजवणीच्या पाण्याची वाट धरू नका. धरावीच लागली, तर भरलेल्या पोत्यांआधी जागी माणसं मोजा. आणि रिकाम्या जागेला हाक मारू नका. आपण ज्याला जागा दिली नाही, त्याच्या जागी कोण येऊन बसलंय, ते दर्यालाच माहीत.

चला, उठा आता. खाडीकडून जाणाऱ्यांनी एकत्र जा. ए, तू एकटा कुठं निघालास? थांब जरा, मी येतो.