भातातलं मीठ

लखनौला चारबाग स्टेशनबाहेर ऑटोच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. बाईंचं डोकं तुळतुळीत.

"हसू नका, भैया बघतोय."

"दहा दिवस बुद्धविहारात मुंडन करून श्रामणेरी होतीस, रोज वाकून वंदन केलं तुला. तेव्हा कुठे हसलो?"

"मला यायचं ना हसू. तुम्ही वाकलात की मी खाली पात्रात बघत बसायचे."

"पात्रात मी रांधलेला भात असायचा. आयुष्यात पहिल्यांदा रांधला. तू चकार शब्द बोलली नाहीस."

"पात्रात पडेल ते गुपचूप खायचं असतं. आज चीवर उतरवलंय, म्हणून सांगते. मीठ नव्हतं."

"कुठल्या दिवशी?"

"दहाही दिवस."

"अगं बेबी... उद्यापासून घालतो ना."

"घाला. वाढताना हात मात्र जोडा."