पत्र्यावर दोन ठोके

—छे हो, चपला कसल्या काढताय, या आत! डोकं सांभाळा तेवढं. बसा त्या फळीवर—तोच पलंग, तेच कपाट, आणि कोणी आलं की तोच दिवाणखाना. ह्यांनी केलंय सगळं. सामान वाहायची जुनी गाडी होती, आतून नुसता गंजका डबा. निवृत्त झाल्यावर ह्यांनी घासली, रंगवली, फळ्या ठोकल्या, राहतं घर विकलं आणि म्हणाले, आता आपण दोघंच आणि मोकळा रस्ता. मीही हुरळले. तुम्हाला पण अशीच करायचीय ना? तुमचे मिस्टर बाहेर मापं घेतायत, बघितलं मी. घेऊ द्या. पण एक सांगते—ड्रायव्हरच्या मागे ही अशी सलग पत्र्याची भिंत घालू देऊ नका. एवढीशी खिडकी ठेवा म्हटलं होतं मी. तर म्हणे, भांड्यांचा आवाज येतो, डोकं उठतं. भांड्यांचा! माझा म्हणायचं होतं, दुसरं काय.

पुढची दुसरी सीट ह्यांनी पाण्याच्या टाकीसाठी काढलेली, म्हणून बसायचं ते मागेच. मग मी आत बसलेय हे पुढे कळायचं कसं? तर ठरलं—मी आतून पत्र्यावर दोन ठोके द्यायचे, मग हे गाडी हलवणार. गंमत वाटायची हो मला, कंडक्टर झाल्यासारखी! आणि एकदा पेट्रोल पंपावर मी तोंड धुवायला उतरले—सांगून उतरले बरं का—बाहेर येऊन बघते तर गाडी नाही. तोंडाला साबण, खांद्यावर टॉवेल, पायात घरातल्या स्लिपर. फोन गाडीत, पर्स गाडीत. झालं काय होतं? तो खिळा बघा, ओट्याच्या वर, त्या भिंतीतच—वाकडा ठोकलाय ह्यांनी, मी सांगून सांगून थकले. त्याला तवा अडकवलेला. इंजिन सुरू झालं, गाडीला हिसका बसला, तवा पत्र्यावर आपटला—टण, टण. ह्यांना वाटलं, मीच. गेले निघून!

चुकतो माणूस, मान्य. पण आले कधी? दिवेलागणीला. दुपारभर मी जुन्या टायरांच्या ढिगावर बसून, पंपावरची माणसं कीव करत बघतायत. आणि ह्यांना कळलं कसं सांगू? गाडी थांबवली, आणि चहा आला नाही, म्हणून कळलं. म्हणजे तोवर एवढ्या रस्त्यात एकदाही हाक मारली नाही हो! डोंगर लागला असेल, नदी लागली असेल—‘बघ गं’ म्हणावंसं वाटलं नाही. त्याच्यासाठीच निघालो होतो ना आम्ही? माफीचं तर नाव नको. ‘ठोके ऐकू आले की मला.’ बस्स. वर मुलीला फोनवर हसत हसत सांगितलं, तुझी आई आणि तवा, आवाज एकच. मी पण हसले तेव्हा. का हसले, देव जाणे. अजून जळतंय ते.

आता मीच चालवते. ह्यांची नजर गेली अधू होत, मग शिकले या वयात. हे मागे असतात, दोन ठोके देतात, मी निघते. आणि मीही हाक मारत नाही. काल केवढं तळं लागलं रस्त्यात, पाणी असं लखलखत होतं—नाही मारली. बरं वाटतं का? नाही वाटत. वाटेल असं वाटलं होतं.

किती वेळ झाला हो ह्यांना? त्या समोरच्या न्हाणीघरात गेलेत, अंघोळीला. फोन इथेच राहिलाय बघा. साबण माझाच नेलाय... जरा उठता? तुमच्या पायाशी ते फडकं आहे ना, त्यात तवा आहे. त्या दिवसापासून गुंडाळूनच ठेवलाय. हां, तोच. अडकवा बघू खिळ्याला. वाकडा असला तरी राहतो. राहिला? आता उतरा तुम्ही, मी पुढे जाऊन बसते. दार बाहेरून नीट ओढून घ्या. मिस्टरांना म्हणावं, चाकापासून बाजूला व्हा. आणि हे बाहेर येऊन विचारतील तुम्हाला—सांगा, ठोके ऐकू आले तिला.