बटणवाल्याचं दुकान मी वाचवलं त्याची गोष्ट

…पाय ठेवायला जागा नाही हो घरात! खुर्चीत बसावं तर खाली बटणं टोचतात, कपाट उघडावं तर लेसचं भेंडोळं अंगावर येतं, आणि काल आमचे हे डोळे चोळत उठले, चष्मा समजून कोटाचं बटण डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "आज धुकं फार आहे." मग मलाच विचारतात, "हे सगळं आणलं कुणी?" कुणी म्हणजे? मी आणलं! छातीठोक सांगते, मी आणलं! पण का आणलं ते ऐकायला नको? तुम्ही बसा. मधेच उठायचं नाही, सांगून ठेवते.

अहो, आमची गल्ली म्हणजे काय होती! तोंडाशी घड्याळवाला. एका डोळ्यात भिंग अडकवून बसायचा, हाक मारली की तोच डोळा वर करायचा, मला वाटायचं याला माझ्या पोटातली चाकं दिसतायत. त्याला लागून छत्रीवाला. मग फ्रेमवाला, त्यानं आमच्या सासूबाईंचा फोटो असा बसवला की जन्मात कधी न हसलेली बाई काचेत गेल्यावर हसायला लागली! पलीकडे भाड्यानं पुस्तकं देणारा, तो पुस्तक हातात देतानाच सांगायचा, "खून मेहुण्यानं केलाय, पण वाचा, छान आहे." एकेक करून गेले हो सगळे! घड्याळवाला गेला, मोबाईलची कव्हरं आली. छत्रीवाला गेला, मोबाईलची कव्हरं आली. पुस्तकवाला गेला, पुन्हा कव्हरं. फ्रेमवाला गेला तेव्हा मला वाटलं, आता तरी काही वेगळं येईल… मोबाईलच्या काचा आल्या! अरे, माणसाला मोबाईल असतात तरी किती?

उरला एकटा बटणवाला.

त्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधे राहून गेलेली फट. पण आत जाऊन बघा! जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाला बाहेरून एक बटण तारेनं बांधलेलं. वाचायची भानगडच नाही, बोट दाखवा आणि मागा. मी चौथी शिकलेली बाई, मला असलं दुकान देवळापेक्षा बरं वाटायचं. आणि तो स्वतः? गिऱ्हाईक दिसलं की याच्या कपाळाला आठ्या! मी म्हणायची, "पांढरं बटण द्या." तो चष्म्यावरून बघणार. "कुठलं पांढरं?" "पांढरं म्हणजे पांढरं!" "ताई, दुधाचं पांढरं, दाताचं पांढरं, की तुम्ही धुऊन धुऊन जीव काढलेल्या शर्टाचं पांढरं?" असा आगाऊ! मग काय, मी भांडायची, तो भांडायचा, रस्त्यावरची माणसं थांबायची, आणि सगळं झालं की तो पायानं स्टूल पुढे ढकलायचा. बसा. मी बसायची. रोज संध्याकाळी तिथं जरा भांडून आले की जेवण गोड लागायचं मला. घरी कुणाशी भांडू? आमच्या ह्यांच्याशी? ते "बरं" म्हणतात! "बरं" म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं का, तुम्हीच सांगा!

आणि गेल्या आठवड्यात गेले, तर हा म्हणतो, "ताई, महिनाअखेर बंद करतोय."

म्हटलं, "काय बंद करताय? पंखा?"

"दुकान."

अहो, मी उडालेच! मी असताना? बंद? "गिऱ्हाईक कुठंय, ताई? हल्ली बटण तुटलं की लोक शर्ट बदलतात." म्हटलं, गिऱ्हाईक मी आणते! तो म्हणतोय, "ताई, तसं नाही, माझं जरा ऐकून…" पण मी कशाला ऐकते? मी चप्पल घातलीसुद्धा!

पहिली गाठली वरच्या मजल्यावरची मास्तरीण. ती नाकात बोलते. "पण मी बटणं घेऊन काय करू? माझे सगळे कपडे डोक्यातून घालायचे आहेत." म्हटलं, "मग पुढून कापा!" घेतली तिनं, मुकाट्यानं घेतली! तळमजल्यावर तो दंड फुगवत फिरणारा पोरगा राहतो, तो म्हणतो, "मावशी, माझ्या कपड्यांना बटणंच नसतात, नुसतं इलॅस्टिक." म्हटलं, "मग इलॅस्टिक घे, अजून फुगायचंय ना तुला?" डॉक्टरांना म्हटलं, कोटाचं बटण लोंबत असलं की तुमच्या औषधावरचा विश्वास उडतो माणसाचा! ते लगेच खाली वाकून बघायला लागले. आणि ते कव्हरवाले? त्यांना सोडते की काय! म्हटलं, "लाव तुझ्या कव्हराला लेस, खपेल." आणि तुम्हाला सांगते… खपलं हो!

रांग लागली! बटणवाल्याच्या दारात रांग! कोपऱ्यावरून वळली होती! मी आपली पदर खोचून मधे उभी. "ए, घुसायचं नाही! आणि रिकाम्या हातानं कोण बाहेर पडतंय? तुम्ही का? चला मागे, एक चेन घ्या!" तो बिचारा स्टुलावर चढतोय, खण उपसतोय, पुड्या बांधतोय, घामानं चष्मा घसरतोय. भांडायलासुद्धा फुरसत नाही त्याला! माझ्या अंगावर असे शहारे… म्हटलं, मी असताना बंद होतंय होय! आणि लोकांनी न नेलेलं, ती बशीएवढी बटणं, तो रंग उडालेला दोरा, हे कुणी उचललं? मी. पोत्यानं.

शेवटचा खण रिकामा झाला. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "बघा! आता बोला, करणार बंद?"

तर त्याच्या डोळ्यांत पाणी! माझे दोन्ही हात धरले त्यानं. "ताई, तुमचे उपकार मी कसे फेडू? अहो, लेक कधीपासून बोलावतेय, बाबा, या माझ्याकडे राहायला. पण हा एवढा माल टाकून जीव निघत नव्हता माझा. तेच तर सांगत होतो तुम्हाला… तुम्ही चार दिवसांत मोकळं केलंत मला!"

मोकळं! ऐकलंत? मोकळं केलं म्हणे मी!

आणि एवढ्यावर भागत नाही. तो गेला शटर ओढायला, तर ते अर्ध्यात अडकलं. म्हातारा माणूस, लोंबकळला तरी हलेना. मग? बघत उभी राहू? लावला मी हात. दिला हिसका, आलं धाडकन खाली! सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी असताना बंद? अहो, मीच केलं बंद!

त्या दिवसापासून ही अशी बसलेय बटणांच्या ढिगात. आमचे हे म्हणतात, "जाऊ दे." मी म्हटलं, "जाऊ दे कसं? आता मी कुणाशी बोलू?" तर ते म्हणाले, "बरं."

आज सकाळी दार वाजलं. बघते तर तोच! हातात बॅग, खाली गाडी उभी, लेकीकडे निघालेला. मला आपलं वाटलं, निरोप घ्यायला आला असेल, एखादा चांगला शब्द बोलेल… तर हा पोटावर हात धरून उभा! शर्टाचं बटण तुटलेलं. म्हणतो, "एखादं असेल का, ताई?"

म्हटलं, "लाज नाही वाटत? माझ्याकडे मागताय?"

तर चष्म्यावरून बघत म्हणतो, "मग कुठं जाऊ? गल्लीत दुसरं दुकान आहे का?"