यमुनाताईंनी पोवळी धुतली

मंडळी, देवाला हात जोडून झाले, आता एक प्रश्न तुम्हाला विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनातल्या मनात द्या! आपल्या हातून दुसऱ्याची वस्तू खराब झाली. मुद्दाम नाही हं — चुकून! कुणी पाहिलं नाही. कधी कुणाला कळणार नाही, अशी तजवीजही करता येतेय. मग सांगावं? की गप्प बसावं?

बघा, बघा! माना खाली गेल्या! मागच्या खांबाजवळचे काका तर एकदम छत न्याहाळायला लागले! असू द्या काका, छत चांगलंच आहे. प्रश्न अवघड आहे, म्हणून तर कीर्तनात आख्यान लावायचं. ऐका!

संगमनेरात यमुनाताई कानवडे म्हणून एक बाई होत्या. तीस वर्षं एसटीत कंडक्टर! खचाखच भरलेल्या गाडीत 'पुढं सरका' म्हणाल्या, की माणसं तर सरकायचीच, खिडकीतलं गाठोडंसुद्धा सरकायचं! अशा यमुनाताई निवृत्त झाल्या. पहिला आठवडा झोपून काढला. दुसऱ्या आठवड्यात घरातले डबे उतरवून पुन्हा लावले. तिसऱ्या आठवड्यात हात शिवशिवायला लागले! तीस वर्षं तिकिटं फाडलेले हात — ते गप्प बसतील होय?

मग एक दिवस गळ्यातली स्फटिकाची माळ तुटली. बाईंनी बसून ती स्वतःच ओवली. आणि मंडळी, नाद लागला! प्रवरेच्या पात्रात जायचं, गारगोट्या वेचायच्या, तांबूस, दुधी, रेघारेघांचे अकीक निवडायचे. घरी आणून पाण्यात बुडवून पॉलिश पेपरवर घासायचे. नाशकातून भोकं पाडून आणायची. तारेत गुंफायचे, दोऱ्यात ओवायचे. कुणाला कानातलं, कुणाला माळ, कुणाला हातातलं. विकायच्या का? छे! गल्लीत ज्याचा गळा मोकळा दिसेल, त्याच्या गळ्यात माळ! दूधवाल्यानं तर म्हशीसाठी मागून नेली. आणि खरं सांगतो, म्हशीला शोभली!

आता त्याच गल्लीत राहायचे हासे सर. चित्रकलेचे मास्तर, निवृत्त. पत्नी सिंधूताई दोन वर्षांमागं देवाघरी गेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, घरात एकटेच. लेक मंजिरी मिरजेला दिलेली. तिला मुलगी झाली, आणि बारसं सरांनी आपल्या घरी धरलं — येत्या रविवारी.

सोमवारी सकाळी सर यमुनाताईंच्या दारात. हातात रुमाल. रुमालात काय? पोवळ्यांची माळ! सिंधूताईंच्या गळ्यातली, एक्केचाळीस मणी. दोरा पार कुजलेला.

"यमुनाताई, एवढी ओवून द्याल? हिची फार इच्छा होती, नातीच्या गळ्यात घालायची. मला तर सुईचं नेढं दिसत नाही."

"द्या की सर! त्यात काय एवढं!"

मंडळी, 'त्यात काय एवढं' हे शब्द तोंडातून निघाले, की जरा जपून राहावं! स्वयंपाकघरातल्या बायांना विचारा. 'त्यात काय एवढं' म्हणून केलेला पाक पातेल्याला चिकटतो!

बाईंनी माळ सोडवली. मणी मळकट झालेले. वाटलं, नुसतं ओवून काय द्यायचं? चकाकून देऊ! स्फटिकाचे मणी त्या लिंबाच्या रसात बुडवून ठेवायच्या, लखलखीत निघायचे. तसंच केलं. वाटीत चार लिंबं पिळली, पोवळी टाकली. तेवढ्यात कोपरगावच्या बहिणीचा फोन. मग शेजारीण आली. मग भाजी. दुपारी जेवण झाल्यावर आठवण झाली — अरे, पोवळी!

वाटीवर फेस. मणी बाहेर काढून पाहतात तो काय! लाल रंग गेला. वर पांढरट, खडबडीत थर. खडूच्या तुकड्यांसारखे दिसत होते! कारण काय? स्फटिक म्हणजे दगड, त्याला लिंबू काही करत नाही. पोवळं समुद्रातल्या जिवाचं घर, त्याला लिंबू खातं! बाईंना हे माहीतच नव्हतं. नाद होता मोठा, पण ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

धुतलं, पुसलं, तेल लावलं. काही होईना! डोळ्यांपुढं सर दिसायला लागले, तो रुमाल दिसायला लागला. रात्रीचं ताट वाढलं, तसंच झाकून ठेवलं.

आणि मंडळी, अशा वेळी मन काय करतं? मन फार हुशार! मन म्हणालं — सरांना दिसतंय कुठं? मंगळवारी पहिल्या गाडीनं बाई नाशकात! ज्या रस्त्यावर तीस वर्षं ताठ मानेनं तिकिटं दिली, त्याच रस्त्यावर खिडकीशी तोंड लपवून बसल्या. बाजारात हुबेहूब माळ मिळाली. रंगवलेली, नकली, पण लाल! एक्केचाळीस मणी निवडले, नव्या दोऱ्यात सुरेख ओवले. खरे मणी एका डबीत घातले आणि डबी धान्याच्या डब्यामागं सारली.

झालं! सुटले! असं वाटायला हवं होतं की नाही? वाटेना!

बुधवारी सकाळी माळ घेऊन सरांकडे गेल्या. सर ओट्यावर बसलेले. हात पुढं केला. बाईंनी माळ ठेवली. सरांनी ती डोळ्यांशी नेली, गालाला लावली. म्हणाले, "झाली? माझा जीव भांड्यात पडला बघा. मंजिरीला म्हटलं होतं, सोनाराकडं नको, कुणाकडंच नको. यमुनाताईंकडं देतो, तिथं काळजी नाही."

काय बोलले सर! रागाचा एक शब्द नाही. आणि बाईंना वर बघवेना. आता पाहा, समोरचा माणूस समाधानानं हसतोय. गप्प राहिलं तर तो हसतच राहील. बोललं तर हसू जाणार! मग बोलावं का? सांगा ना! आता छताकडं बघू नका!

यमुनाताई वळल्या. दोन पायऱ्या उतरल्या. थांबल्या. परत वर आल्या.

"सर, ती माळ सिंधूताईंची नाही."

"म्हणजे?"

"मी बदलली. तुमची पोवळी माझ्या हातून बिघडली. लिंबात घातली होती. ही नाशकातून आणलेली आहे, नकली. तुम्हाला दिसणार नाही म्हणून आणली."

शेवटचं वाक्य नसतं बोलल्या तरी चाललं असतं. पण बोलल्या! सरांच्या हातातली माळ खाली पडली. सरांनी ती उचलली नाही. मग सरांनी एवढंच विचारलं, "फेकलीत?"

"नाही. डबीत आहेत."

"आणून द्या."

आणून दिली. सरांनी डबी घेतली, आत गेले, आणि दार लावून घेतलं.

तो दिवस बाईंनी कसा काढला, ते विचारू नका. समोर अकीकाचं ताट होतं, पण एकाही खड्याला हात लावला नाही. वाटलं, हा नादच सोडून द्यावा.

गुरुवारी सकाळी दारात कोण? हासे सर! चेहरा रात्रभर जागलेला. म्हणाले, "यमुनाताई, चिडलो होतो. अजून चिडलेला आहे. पण चला. मला एकट्याला रस्ता नीट दिसत नाही, आणि पोवळी ज्याला कळतात असा एकच माणूस गावात आहे."

तो माणूस म्हणजे मुनीरभाई पटवेकर. पटवेकर म्हणजे दागिने रेशमात ओवणारे, गोंडे बांधणारे. ऐंशीच्या पुढचं वय. मुनीरभाईंनी एक मणी उचलला, नखानं खरवडला, ओल्या बोटानं चोळला, उजेडात धरला. बाईंच्या डोळ्यांना धार!

"ताई," मुनीरभाई म्हणाले, "रडताय कशाला? वरची साल गेलीय, आतलं पोवळं शाबूत आहे. लाली आरपार असते याची. बारीक पेपरवर पाण्यातून घासायचं, मग चामड्यावर चोळायचं. एकेक मणी. मशीन नको, हातानंच. पण बरं झालं आत्ताच आणलीत. भोकात राहिलेला लिंबाचा अंश आत मुरला असता, तर वर्षाभरात भुगा झाला असता!"

ऐकलंत का मंडळी? डबीतच राहिली असती, तर भुगा! नकली माळ नातीच्या गळ्यात, आणि खरी धान्याच्या डब्यामागं मरून गेली असती. झाकलेलं दुरुस्त कोण करणार?

मग काय! स्वच्छ धुतलेल्या मण्यांचं ताट यमुनाताईंच्या ओट्यावर. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला सर. बाई पेपरवर घासायच्या, सर चामड्यावर चोळायचे. डोळे नव्हते, पण चित्रकाराची बोटं होती! बोट फिरवून सांगायचे, "याला अजून खरखर आहे, घ्या परत." पहिल्या दिवशी एकही मणी उजळला नाही. दुसऱ्या दिवशी एका मण्यातून लाली उजळली, आणि बाई ओरडल्या, "सर, आला! रंग आला!"

सरांनी तो मणी डोळ्याला लावला. अंधूक तांबडा ठिपका दिसला. म्हणाले, "हिला ही माळ मी लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतली होती. तेव्हा अशीच होती." आणि मग जे बोलायला लागले, ते संध्याकाळपर्यंत थांबेनात! दोन वर्षांत सिंधूताईंबद्दल ते कुणापुढं असं मोकळं बोलले नव्हते.

शनिवारी दुपारी एकोणचाळीस मणी तयार झाले. दोन मात्र भोकाशी तडकले, काही केल्या सांधेनात. यमुनाताईंनी ते सरांच्या तळहातावर ठेवले. "हे नाही वाचले."

सर म्हणाले, "मग तुमचे दोन घाला. प्रवरेतले. आणि लपवू नका, अगदी पुढं घाला!"

रविवारी बारसं. पाळण्यात बाळ. मंजिरीनं माळ हातात घेतली, आणि बघतच राहिली. "बाबा, आईच्या गळ्यात ही इतकी लाल मी कधीच पाहिली नव्हती! आणि हे दोन दुधी खडे कसले?"

यमुनाताईंचा चेहरा पडला. पण सरच हसायला लागले! भरल्या घरात, सगळ्या बायांसमोर सगळी हकिकत सांगितली — लिंबासकट, नाशकासकट! आणि शेवटी म्हणाले, "यांनी सांगितलं नसतं ना मंजिरी, तर मी नकली माळ गालाला लावून बसलो असतो."

मंजिरीनं बाळ उचललं आणि यमुनाताईंच्या मांडीवर ठेवलं. "नाव तुम्ही सांगा कानात."

बाई रडल्या. हसल्या. पुन्हा रडल्या. आणि त्या दिवशी घुगऱ्या दोनदा मागून खाल्ल्या! सहा दिवसांनी घास गोड लागला होता हो!

आता तुम्ही! मी पोवळ्यांबद्दल बोलतोय का? नाही! तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात एक गोष्ट आत्ता वर आली आहे. मला सांगू नका. देवालाही सांगायची गरज नाही, त्याला ठाऊक आहे! ज्याची वस्तू, त्याला सांगा. तो चिडेल. दार लावून घेईल. लावू द्या! तुम्ही ओट्यावर थांबा.

आणि बुवा दुसऱ्याला सांगून मोकळे होतात, असं नको. हे आमचे पेटीवाले, सखारामपंत. गेल्या उत्सवात भर कीर्तनात सूर गेला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पंत, पेटी तपासून घ्या!" पंतांनी दुसऱ्याच दिवशी पेटी उघडून पाहिली. पेटी ठीक होती पंत. घसा माझा गेला होता. चुकलो.

पाहा, हसले पंत! सुटलो बाबा. द्या आता सूर — आणि मंडळी, हात जोडा, घ्या देवाचं नाव, मोकळ्या गळ्यानं!