शिंगावरचा आकडा

लिवून घ्या गुर्जी, आमचं गाव म्हंजे चाकनपासनं दोन कोसावर, भामा नदीच्या अलीकडं, पन्नास-साठ उंबऱ्याचं. आई मला आठवत न्हाई, बाप आठवतो तो नुसता खोकत बसलेला. मला आठवतो तो माझा थोरला भाऊ, म्हादूदादा. त्याच्या खांद्यावर बसून मी पहिला बाजार बघितला, त्याच्याच ताटात जेवलो, आन मला चौथीपत्तूर शाळा त्यानंच शिकवली, सोता एक दिवस शाळंत गेला न्हाई. चाकनला गुरांचा दवाखाना निघाला तवा दादाच मला हाताला धरून तिथं घेऊन गेला आन तिथल्या डॉक्टरला म्हनला, ह्याला वाचता येतं आन जनावराची माया हाय, ठिवून घ्या. असा मी ड्रेसर झालो. ड्रेसर म्हंजे जखमा धुवायच्या, बैल पाडायचा, सुया उकळायच्या, आन डॉक्टर सुई टोचतो तवा जनावराचं डोकं धरून उभं ऱ्हायाचं. खाकी कपडे मिळाले. गावात ते कपडे घालून शिरलो की दादा दारात उभा ऱ्हाऊन बघायचा, बोलायचा काय न्हाई, पर बघायचा.

माझं लगीनबी झालं व्हतं गुर्जी, न्हाई असं न्हाई. बाईल पहिल्याच बाळंतपनात गेली, मूलबी गेलं. दुसरं केलं न्हाई मी. दादाच्या घरी वैनीच्या हातचं खायाचं, त्याच्या दोन लेकरांशी खेळायचं, सकाळी सायकल काढायची आन दवाखान्यात यायाचं. काय सांगू तुमाला, मला तेवढं पुरत व्हतं.

आता बैलाचं सांगतो, त्याच्याबिगार पुढचं कळायचं न्हाई. आमच्याकडं बैल एकटा घेत न्हाईत, जोडी घेत्यात, आन जोडी म्हंजे रंग सारखा, उंची सारखी, शिंगाचं वळन सारखं, चार बाजार फिरून जुळवलेली. जेवढी सारखी तेवढी मालकाची ऐट. दादाची जोडी राजा आन बाज्या, दोघं पांढरेफेक, पाव्हण्याला सांगितल्याबिगर कळायचं न्हाई कुठला कोन. दादाला मातुर अंधारात पाय वाजला तरी कळायचं.

तर त्या वर्सी दवाखान्यात नवे डॉक्टर आले, वऱ्हाडातले, तरनेबांड, लई सच्चा मानूस. घटसर्पावर नवी लस निघाली व्हती आन ती आमच्या भागातल्या चार-पाच गावांत करून बघायची व्हती. घटसर्प तुमाला ठावं असंल, पावसात येतो, बैलाचा गळा सुजतो, घरघर लागती आन सकाळी चरलेला बैल सांजपत्तूर जातो. डॉक्टर मला म्हनले, गणपत, प्रत्येक जोडीतल्या एका बैलाला लस द्यायची आणि दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, मालकाला कळू द्यायचं नाही कुणाला काय दिलं, म्हणजे मग लशीचा गुण खरा की खोटा ते समजेल. मला ते पटलं. पर खूण काय करायची? कानाला चीर द्यायची म्हनली तर गाव बिथरलं, कान कापलेला बैल बाजारात खोडीचा ठरतो. डाग द्यायचा तर त्येबी नगं. मंग मीच म्हनलं, साहेब, शिंगाच्या बुडाशी डांबरानं आकडा घालू, हालायचा न्हाई. डॉक्टर खूश झाले. आमच्या गावात बावीस जोड्या व्हत्या, एक ते चव्वेचाळीस आकडे मी माझ्या हातानं घातले. प्रत्येक जोडीला डॉक्टर नाणं उडवायचे, आन त्याप्रमाणं कुठल्या आकड्याला लस आन कुठल्याला पानी ते वहीत लिवायचे.

हे झालं भादव्याच्या सुरवातीला. आता बघा गुर्जी, डॉक्टरच्या मुलखात पोळा श्रावणात असतो, तो होऊन गेला व्हता, त्यांच्या मनातबी आलं न्हाई. पर आमच्याकडं पोळा भादव्याच्या अवसेला. मला ठाव न्हाई का? ल्हानपनापासनं काचेच्या तुकड्यानं शिंगं तासली मी, तासून तासून गुळगुळीत करायची, मंग हिंगूळ लावायचा, बेगड चिकटवायची. पर त्या खाकी कपड्यात शिरलो की मी गावचा उरत न्हवतो, दवाखान्याचा व्हायचो, आन दवाखान्याच्या डोक्यात पोळा नसतो. पोळ्याच्या दिशी मी सोता दादाच्या अंगनात बसून राजाची शिंगं तासली, डांबराचा आकडा काचेखाली सालपटासारखा निघाला, आन मी तो न वाचताच फुंकून टाकला. मंग हातातल्या काचेकडं बघून ध्यानात आलं, मी काय पुसलं ते. तवर गावातल्या साऱ्या बैलांची शिंगं लाल झाली व्हती, वाजंत्री सुरू झाली व्हती.

डॉक्टरला मी दोन दिवस सांगितलं न्हाई. तिसऱ्या दिशी सांगितलं. ते रागावले न्हाईत, नुसते खाली बसले. वहीत मालकाची नावं व्हती, आकडे व्हते, पर बऱ्याच बैलांचं वर्नन काय, तर पांढरा, खिल्लारी, सहा दाती. दुसऱ्याचंबी तेच.

तरी त्यात काय बिघडलं नसतं. नुसती वही वाया गेली असती. पर हस्ताचा पाऊस लागला आन नदीपलीकडच्या गावात घटसर्प आला. तिथं लस दिलेली न्हवती. एका दिवसात पाच जनावरं गेली. डॉक्टर म्हनले, आता प्रयोग राहू दे, ज्यांना पाणी दिलं ते बैल उघडे आहेत, त्यांना आजच्या आज सीरम द्यायला हवं. लस अंगी लागायला दिवस जात्यात, सीरमचा असर लागलीच व्हतो. दवाखान्यात सीरम व्हतं ते तेवढंच, जोडीमागं एका बैलाला पुरंल इतकं. जादा मागवलं तर यायला दोन दिवस. अर्धं अर्धं दिलं तर कुनाच्याच कामाचं न्हाई. म्हंजे हरेक जोडीत पान्याचा बैल कुठला ते वळखलं पायजे, आन मालकांना आकडे वाचता येत न्हवते, डॉक्टरला सारे बैल सारखे, म्हंजे वळखनारा जगात मी एकटा.

सकाळी देवळाम्होरं साऱ्या जोड्या आनल्या. पाऊस बारीक पडत व्हता. डॉक्टरनं विचारलं, गणपत, सांगू शकशील? मी म्हनलं, सांगतो. काही जोड्यांचं सोपं व्हतं, एकाचं खूर पांढरं असायचं, एकाचं शेपूट तुटकं, ते वहीत व्हतं. बाकीचे मी आठवून आठवून सांगितले. ह्यानं लाथ मारली व्हती, ह्याला टोचताना मालकानं डोळे झाकले व्हते, असं. खरं सांगतो, चार-पाच ठिकानी मी अंदाजानं बोललो, पर आवाज ठाम ठेवला. आवाज हालला असता तर लोकांनी दावी सोडून बैल नेले असते.

दादाची पाळी आली. दादा म्हनला, गणपा, नीट सांग, राजा का बाज्या? मी म्हनलं, पान्याचा बाज्या. त्यानं इचारलं, नक्की? मी म्हनलं, नक्की. आन खरंच गुर्जी, मला राजाच्या मानेवर हात ठेवल्यालं आठवत व्हतं आन डॉक्टर हळूच माझ्या कानात म्हनले व्हते, ह्याला लस. बाज्याला सीरम दिलं.

सगळं झालं, आन एक डोस उरला. बाटलीत थोडं जास्तीचं निघालं. डॉक्टर म्हनले, गणपत, ज्या जोडीबद्दल तुला शंका असेल तिथल्या दुसऱ्या बैलालाही देऊन टाकू. सारं गाव माझ्या तोंडाकडं बघत व्हतं. दादाबी तिथंच, राजाची वेसन धरून, चार पावलांवर. त्यानं मागितलं असतं तर, मी लई येळा मनाशी म्हनलं हाय, त्यानं मागितलं असतं तर. पर तो मागनारा मानूसच न्हवता. मी पारूबाईची जोडी दावली. पारूबाईचा नवरा वारला व्हता, एकटी शेती करायची, आन तिच्या जोडीची मला खरीच शंका व्हती. हे खरं हाय. पर सगळं खरं एवढंच न्हाई. मला असंबी वाटलं, की उरलेला डोस भावाच्या बैलाला दिला तर लोक म्हनतील, बघा, घरचं आधी. खाकी कपड्यावर डाग नगं मला. म्हनून मी दादाकडं बघितलंबी न्हाई.

तिसऱ्या दिशी सकाळी राजानं वैरन सोडली. मी सायकलवर पाय टाकत व्हतो, वैनी धावत आली. बघतो तर गळ्याखाली सूज, दगडागत कडक, अंग तव्यासारखं तापलेलं. मागवलेलं सीरम आलं न्हवतं, म्हनून डॉक्टर सोता पुन्याला गेलेले. मी दवाखान्यात जाऊन सल्फाची सुई आनली, शिरंत दिली, गरम पान्याचा शेक दिला, डोकं वर धरून ठेवलं म्हंजे जरा वारा घेता येईल. जीभ भाईर आली, निळी पडली. घरघर घरघर. दादा त्याच्या पाठीवरनं हात फिरवत व्हता आन त्याला म्हनत व्हता, बस, बस राजा, झालं. दुपारी राजानं मान टाकली.

चामडं सोलायचं न्हाई, खोल पुरायचं, वर चुना टाकायचा, हा नेम मीच साऱ्या गावाला सांगितला व्हता. दादानं कुनाला हात लावू दिला न्हाई, एकट्यानं खड्डा खांदला. खांदून झाल्यावर कुदळीवर हात ठिवून उभा ऱ्हायला आन म्हनला, गणपा, एक उरला व्हता ना?

एवढंच. मी चुन्याचं पोतं सोडाया लागलो. त्याच्यानंतर त्यानं तो इषय कंदी काढला न्हाई. काढला असता, चार शिव्या घातल्या असत्या, कानाखाली मारली असती, तर मी पाय धरले असते. ताट वैनी वाढायची, दादा आपलं उरकून उठायचा. एका घरात दोन मानसं अशी ऱ्हातात का? महिन्याभरानं मीच दवाखान्यामागच्या खोलीत ऱ्हायाला आलो.

आन गंमत बघा, गावात दुसरा एकबी बैल मेला न्हाई. एकच गेला, आमचा. पलीकडचं गाव निम्मं रिकामं झालं. देवळात गावानं मला नारळ दिला, फेटा बांधला, पारूबाई रडली. म्हनले गणपतनं गाव राखलं. फेटा बांधताना मी मानसं बघत व्हतो, दादा न्हवता त्यात.

डॉक्टरला मी इचारलं, साहेब, लस फसली का माझी आठवन? त्यांनी वही उघडली. मंग म्हनले, गणपत, तेच तर आपल्याला शोधायचं होतं, आता ते कुणालाच कळणार नाही. आन त्यांनी वहीतल्या आमच्या गावाच्या पानावर तिरपी रेघ मारली. बाकीच्या गावांत आकडे पोळ्यानंतर घातले व्हते, तिथं लशीनं गुन दिला. म्हंजे चूक कुनाची ते समजा तुमीच.

एकट्या बैलावर नांगर चालत न्हाई. बाज्याला जोड मिळंना, मिळाला तरी दादाच्या मनास येईना. शेवटी शनवारच्या बाजारात बाज्याला सोडलं, जमीन वाट्यानं दिली, आन दादा पिंपरीला गेला. तिथं नवीन कारखाना निघालाय, आमच्याकडची बरीच मानसं लागलीत. दादा रखवालदार हाय. वैनी, पोरं समदी तिकडंच खोलीत ऱ्हातात.

पुढल्या वर्सी दिवाळीला मी गेलो व्हतो. फाटकाबाहीर उभा ऱ्हायलो. दादा आला, अंगात खाकी. म्हनला, औंदा गावात जनावर गेलं का कुनाचं? मी म्हनलं, न्हाई, आता सगळ्यांना लस देतो, एकालाबी सोडत न्हाई. तो म्हनला, बरं झालं. तेवढ्यात भोंगा झाला, मानसं सुटली, तो फाटक उघडाया गेला. मी वाईच थांबलो आन परत आलो. जेवलास का, असंबी इचारलं न्हाई त्यानं, आन आधी दादानं मला ते इचारलं न्हाई असा एक दिवस गेला न्हवता.

आता हितंच ऱ्हातो. सकाळी स्टोवर सुया उकळतो, दिसभर जनावरं, सांजंला चार भाकरी थापतो, दोन खातो, दोन सकाळला. गावोगाव मला मान हाय, कुठंबी गेलो तरी घोंगडं टाकत्यात. तुमी लिवून घेताय तर एवढं नीट लिवा गुर्जी, की एक डोस उरला व्हता आन तो माझ्या भावाच्या दावनीला द्याया पायजे व्हता. लोक म्हनले असते काय म्हनायचं ते. तुमच्या दावनीची जनावरं सुखी ऱ्हावीत, तुमीबी सुखी ऱ्हावा, आन भाऊ असंल तर त्याच्याकडं बघत जावा.