कॉलेजात गेलेली आमची निळी खुर्ची

अहो, शिरूरला नवं कॉलेज निघालं तवाची गोष्ट. तिथले एक प्राध्यापक आमच्या शेजारी राहायचे, बिनलग्नाचे. एका सकाळी धोतर-टोपीतले गृहस्थ आमच्या ओट्यावर टेकले आणि त्यांचीच चौकशी करू लागले. मला वाटलं, मुलीचे वडील! मी लगेच कौतुक सुरू केलं.

"पोरगं सोन्यासारखं हाय, आबा! आज विद्यापीठाचे साहेब कॉलेज तपासायला येणार. मान्यता न्हाई मिळाली तर पोरांचं वर्ष बुडंल, म्हणून ह्यानं घरोघर हिंडून खुर्च्या मागून नेल्या. आमची निळीबी नेली!"

"असं होय?" म्हणत चहा पिऊन ते गेले.

दुपारी मी कॉलेजात डोकावले, तर तपासणीचे साहेब तेच! मी माघारी वळणार, तोच त्यांनी हाक मारली.

"बाई, गाव घरातल्या खुर्च्या देतंय, त्या कॉलेजला मी नाही कसं म्हणू?" निळ्या खुर्चीवर रेलून ते हसले. "फक्त ही आता परत मागू नका."